तीन शिंगांची वसुधा

चंद्रपूरच्या जीवाश्म संग्रहालयात ते यंत्र आलं तेव्हा त्याच्याबरोबर चारशे पानांची माहितीपुस्तिका होती आणि मुखपृष्ठावर यंत्राचं नाव छापलं होतं: अस्थिवृद्धिदर्शक. हे नाव संग्रहालयात साधारण दीड दिवस टिकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शिपाई डोमाजी यानं यंत्राचं काम काय ते समजावून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे आत्याबाईच हाये जी. लेकराचं डोकं पाहून सांगते, मोठेपणी कसं दिसन."

तेव्हापासून यंत्राचं नाव आत्या. पुढे सरकारी पत्रव्यवहारातही ते शिरलं. 'आत्याच्या दुरुस्तीसाठी निधी मिळावा' असा अर्ज नागपूरला गेला आणि मंजूरही झाला.

काम खरोखरच आत्याचं होतं. झाडाच्या खोडात वर्षाची वलयं असतात तशी हाडातही असतात. टंचाईच्या ऋतूत वाढ थांबते, तिथे एक बारीक रेघ उमटते. दहा रेघा म्हणजे दहा वर्षं. पूर्वी या रेघा बघायच्या तर हाड करवतीनं कापून, पलीकडचा उजेड दिसेपर्यंत घासावं लागे, आणि संग्रहालयाचे प्रमुख आपल्या एकुलत्या एका कवटीला करवत लावू देण्यापेक्षा सेवानिवृत्त होणं पसंत करत. आत्याला करवत लागत नसे. तिच्या पोटात कवटी ठेवली की ती आरपार बघे, वय सांगे, आणि जगभरच्या शेकडो कवट्यांवरून शिकलेल्या नियमांनी त्या कवटीची वाढ पडद्यावर पुढे किंवा मागे चालवून दाखवी. पिल्लू ठेवलं तर म्हातारं दिसे, म्हातारं ठेवलं तर पिल्लू.

शिंगवाल्या डायनासोरांच्या बाबतीत याची फार गरज होती. हे प्राणी वयाबरोबर इतके बदलत की त्यांच्या आयांनाही ओळख पटली असेल की नाही शंका आहे. लहानपणी भुवयांवरची शिंगं मागे वळलेली, मोठेपणी तीच पुढे. मानेवर हाडाची मोठी झालर असे. लहानपणी तिच्या काठाला त्रिकोणी दाते, मोठेपणी ते चपटे होऊन झालरीतच विरून जात. काही जातींत उतारवयात ती झालर पातळ होत जाई आणि तिला दोन भोकं पडत. हाडाचा पृष्ठभागसुद्धा तोच राहत नसे. वाढत्या वयात त्यावर लांब, बारीक रेषा असत, वाढ थांबली की खाचा आणि खडबड. आता अशा प्राण्याचं पिल्लू एका दरडीत सापडलं आणि म्हातारा दुसऱ्या दरडीत, तर शास्त्रज्ञ त्यांना दोन वेगळी नावं देतात आणि दोन माणसांना बढती मिळते.

आत्या आल्यावर महिनाभरात लोक आपापली मुलं घेऊन संग्रहालयात येऊ लागले. मुलाचं नाक कुठवर जाईल, मुलीची हनुवटी आजीवर जाणार का, एवढंच बघायचं होतं. एक गृहस्थ होणाऱ्या जावयाला फिरायला म्हणून घेऊन आले. शेवटी यंत्रावर पाटी लावावी लागली: 'जिवंत माणसांनी आत डोकं घालू नये.'

यंत्र चालवायची शर्वरी कोपुलवार. वय अडतीस, शिक्षण भूशास्त्राचं, स्वभाव कमी बोलण्याचा. तिचे गुरू डॉ. मनोहर देवतळे दर मंगळवारी अकरा वाजता संग्रहालयात येत. त्यांचं वय त्र्याऐंशी. निवृत्त होऊन तेवीस वर्षं झाली होती, पण हे त्यांना कुणी स्पष्ट शब्दांत सांगितलेलं नसावं.

देवतळ्यांनी १९९४ साली वरोऱ्याच्या पलीकडे, खैरी नाल्याच्या काठी दोन मीटर लांबीची, तीन शिंगांची एक कवटी शोधली होती. त्या प्राण्याला त्यांनी आपल्या पत्नीचं नाव दिलं: वसुधासेराटॉप्स. पुढच्या पन्नास वर्षांत हे नाव पाठ्यपुस्तकात गेलं, संग्रहालयासमोरच्या चौकात पुतळा झाला, चौकाचा वसुधा चौक झाला आणि चौकात वसुधा रसवंती व वसुधा टायर रिमोल्डिंग ही दोन दुकानं उघडली. वसुधाबाई देवतळे जिथे जातील तिथे त्यांची ओळख 'ज्यांच्या नावाचा डायनासोर आहे त्या' अशी करून दिली जाई. मग लोक एकदा त्यांच्याकडे बघत, एकदा भिंतीवरच्या चित्राकडे बघत, आणि पुन्हा त्यांच्याकडे.

आता २०४४ साल उजाडलं होतं आणि वसुधासेराटॉप्सचा सुवर्णमहोत्सव दहा दिवसांवर आला होता. पालकमंत्री येणार होते. महोत्सवात दाखवायला काहीतरी नवीन हवं म्हणून एका मंगळवारी देवतळ्यांना तळघरातली सत्तावीस नंबरची पेटी आठवली.

पेटीत एक लहान कवटी होती, जेमतेम परातीएवढी. तीही खैरी नाल्यातलीच, पण सहा वर्षं आधी सापडलेली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'खैरीसेराटॉप्स, घाटे १९८८.' देवतळ्यांच्या जाडजूड ग्रंथात या प्राण्याला अर्धं पान होतं. त्यात त्यांनी लिहिलं होतं की ही एक वेगळी, ठेंगणी जात असावी; वसुधेची दूरची बहीण म्हणा.

"हिला आत्याकडे दे," देवतळे म्हणाले. "दोन बहिणी शेजारी शेजारी दाखवू. मंत्र्यांना नाती लवकर कळतात."

शर्वरीनं कवटी आत ठेवली. आत्यानं दोन मिनिटं विचार करून वय सांगितलं: तीन वर्षं. मग वाढ पुढे चालू झाली. मागे वळलेली शिंगं सरळ झाली आणि हळूहळू पुढे झुकली. झालरीचे दाते चपटे झाले, विरले. नाकावरचं बोंड वाढून शिंग झालं. पंचविसाव्या वर्षी झालर पातळ झाली आणि दोन बाजूंना दोन भोकं पडली. पडद्यावर वसुधासेराटॉप्स उभी होती. खाली आकडा आला: साम्य नव्व्याण्णव टक्के.

"उलटं चालव," देवतळे म्हणाले.

शर्वरीनं मोठ्या कवटीची मोजमापं घालून वाढ मागे चालवली. तीन वर्षांच्या वयाला पडद्यावर सत्तावीस नंबरची पेटी आली.

"ही आत्या चुकते का कधी?"

"आत्या चुकली तरी कबूल करत नाही, सर."

"मी यंत्राबद्दल विचारतोय."

"मीपण यंत्राबद्दलच बोलतेय. पण ही चुकलेली नाही."

देवतळे खुर्चीत बसले. थोड्या वेळानं त्यांचा चेहरा उजळला. "वाईट काय आहे यात? उलट चांगलंच झालं. आपल्याला वसुधेचं पिल्लू मिळालं. खैरीसेराटॉप्स हे नाव तेवढं रद्द होईल."

 डोमाजी चहा घेऊन आला होता, तो ठेवून तिथेच उभा राहिला, कारण शर्वरी काही बोलत नसली की काहीतरी घडत असतं हे त्याला माहीत होतं.

"सर," ती शेवटी म्हणाली, "एकाच प्राण्याला दोन नावं पडली तर आधीचं नाव राहतं. तुम्हीच शिकवलंय."

त्यांनी शिकवलं होतं, आणि चवीनं शिकवलं होतं. प्राणी लहान की मोठा, नाव गाजलेलं की नाही, नाव देणारा प्राध्यापक की गुराखी, याला काही किंमत नाही. तारीख आधीची तेच नाव खरं. या नियमाच्या जोरावर त्यांनी ऐन उमेदीत हैदराबादच्या एका प्रतिस्पर्ध्याची दोन नावं बुडवली होती आणि त्या दोन्ही रात्री त्यांना उत्तम झोप लागली होती. १९८८ हे १९९४ च्या आधी येतं, एवढंच आता उरलं होतं.

"एक पळवाट आहे," शर्वरी म्हणाली. "प्राणिनाम आयोगाकडे अर्ज करायचा. नंतरचं नाव फार रुळलेलं असेल तर ते राखून ठेवतात. पण आधीचं नाव देणारी व्यक्ती हयात असेल तर तिची लेखी संमती लागते. हे घाटे सर कोण? आहेत का अजून?"

"आहेत."

"कुठे असतात?"

"माझ्या घरी," देवतळे म्हणाले आणि चहाचा कप उचलला.

वसुधाबाई त्या दिवशी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. जानेवारीत चंद्रपुरात प्रत्येक घरी हेच चालू असतं. कोवळे दाणे एका वाटीत, जून दाणे दुसऱ्या. देवतळे समोर बसले, एक शेंग उचलली, दाणे चुकीच्या वाटीत टाकले.

"तुझा तो लेख आहे का गं कुठे?"

"कुठला?" वसुधाबाईंनी चुकलेले दाणे उचलून बरोबर वाटीत टाकले. "मी एकच लिहिलाय. कपाटात आहे, स्वेटरांच्या खाली. डांबरगोळ्यांचा वास येईल."

हकीकत अशी होती. कुमुद घाटे ही मुलगी १९८८ साली एम.एस्सी. करत होती. खैरी नाल्यात तिला एक लहान कवटी सापडली. तिनं प्राण्याला नाल्याचं नाव दिलं आणि अकरा पानांचा लेख लिहिला. तो एका स्थानिक भूशास्त्र मंडळाच्या पत्रिकेत आला. प्रती एकशेवीस, छपाई सायक्लोस्टाइलची. पुढच्या वर्षी तिचं लग्न मनोहर देवतळे या तरुण अधिव्याख्यात्याशी झालं. रीतीप्रमाणे नवऱ्या मुलानं ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहिलं. नवरा भूशास्त्राचा, म्हणून वसुधा. सगळ्यांना ते फार समर्पक वाटलं. त्यानंतर कुमुद घाटे कुणाला दिसली नाही, आणि पोलिसांत तक्रार करावी असंही कुणाला वाटलं नाही. देवतळ्यांनी ही गोष्ट लपवून ठेवली होती असं अजिबात नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे, हेच त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

आता त्यांनी आत्याचा निकाल सांगितला. वसुधाबाईंचे हात थांबले नाहीत.

"शिंगं पुढे वळली?"

"वळली."

"झालरीचे दाते?"

"विरले."

"भोकं?"

"पडली. दोन."

"म्हणजे बरोबर होतं माझं." त्यांनी आणखी एक शेंग घेतली. "चौऱ्याण्णव साली तुम्ही लेख लिहीत बसला होता तेव्हा मी म्हटलं होतं तुम्हाला. ही माझीच आहे, मोठी झालेली."

"मी काय म्हणालो?"

"पुराव्याशिवाय बोलू नये म्हणालात. मग अद्रकाचा चहा मागितलात."

देवतळ्यांना चहा आठवला नाही. पुराव्याचं वाक्य मात्र आपलंच आहे, हे त्यांना ओळखू आलं.

"तेव्हा यंत्र नव्हतं ना," ते म्हणाले.

"नव्हतं. मी होते."

देवतळ्यांनी लगेच अर्जाचा विषय काढला. संमतीची सही हवी. पण सही कुमुद घाटेची हवी आणि तू कुमुद घाटे आहेस हे सिद्ध करावं लागेल.

"कुणाला?"

"आयोगाला."

"मग ठीक. मला वाटलं तुम्हाला."

सिद्ध करणं सोपं नव्हतं. पदवीच्या कागदावर घाटे, बाकी जगातल्या सगळ्या कागदांवर देवतळे, आणि दोघींना जोडणारा एकही कागद नाही. लग्न १९८९ साली माजरी गावी मांडवात झालं, नोंदणी कुणी केली नव्हती. साडेचारशे माणसं जेवली होती, तेवढे साक्षीदार. त्यांतले नऊ हयात होते आणि त्या नवांनाही जेवणच आठवत होतं.

उपाय वसुधाबाईंनीच काढला. कवटी उकरताना कुमुद नाल्यात घसरली होती आणि कपाळ खडकावर आपटलं होतं. वरोऱ्याच्या डॉक्टरनं काढलेला एक्स-रे लेखाच्याच लिफाफ्यात होता. वर लिहिलं होतं, 'कु. कुमुद घाटे, वय २२.' आणि मागच्या वर्षी चक्कर आली म्हणून केलेलं डोक्याचं स्कॅन होतं: 'सौ. वसुधा देवतळे, वय ७७.'

"आधी मी आहे हे ठरू दे," त्या म्हणाल्या. "सहीचं मग बघू."

पुढच्या मंगळवारी त्या स्वतः संग्रहालयात आल्या. अर्जाचं राहू दे, आधी वाढ दाखव, असं शर्वरीला म्हणाल्या. शर्वरीनं दाखवली. वसुधाबाई पदर नीट करून पडद्यासमोर उभ्या राहिल्या. शिंगं वळली, दाते विरले, भोकं पडली.

"वाढली म्हणायची," त्या म्हणाल्या. मग, "पुन्हा मागे ने. माझी आली की थांब."

शर्वरी थांबली. पडद्यावर परातीएवढी कवटी होती. वसुधाबाईंनी ती डोळे भरून पाहिली आणि मग लिफाफा पुढे केला.

माणसाच्या कपाळाच्या हाडात, भुवयांच्या मागे हवेच्या पोकळ्या असतात. त्यांची किनार प्रत्येकाची निराळी, अंगठ्याच्या ठशासारखी, आणि विशीनंतर ती फारशी बदलत नाही. शिंगवाल्या डायनासोरांच्याही कपाळात, शिंगांच्या बुडाशी पोकळ्या होत्या, त्यामुळे आत्याला हे काम नवीन नव्हतं. पाटीचा मानही राखला गेला. डोकं आत घातलं नाही, फक्त चित्रं घातली. चार मिनिटांनी छापील अहवाल बाहेर आला.

'नमुना एक व नमुना दोन: एकच जीव. वाढीच्या दोन अवस्था. ग्राह्य नाव: कुमुद घाटे. वसुधा देवतळे हे नाव रद्द समजावे.'

शर्वरीनं अहवाल दोनदा वाचला.

"सॉफ्टवेअर डायनासोरचंच आहे, काकू," शर्वरी म्हणाली. "आधीच्या नावाचा नियम आपोआप लागतो. मी ती ओळ काढून देते."

"असू दे."

"मंग आता राशन कार्ड कोणत्या नावानं जी?" डोमाजीनं विचारलं. तो शिपाई असल्यानं त्याला व्यवहाराचं सुचत असे.

वसुधाबाईंनी अहवालाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि त्या घरी गेल्या. नियम सगळ्यांना सारखा असावा, म्हणून यापुढे आपणही त्यांना कुमुदबाई म्हणू.

महोत्सव शुक्रवारी होता. बुधवारी संध्याकाळी देवतळ्यांनी संमतीचा फॉर्म जेवणाच्या टेबलावर ठेवला. बाकी सगळं त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात भरलं होतं. सहीची जागा तेवढी रिकामी होती, तिथे पेन्सिलीनं बारीक फुली मारली होती.

कुमुदबाईंनी चष्मा लावून फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचला. सरकारी कागदाची मागची बाजू वाचणारं माणूस देवतळ्यांनी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"नाही केली सही तर?"

"नाव जाईल."

"कुणाचं?"

"तुझंच," देवतळे म्हणाले. मग त्यांचा आवाज थोडा बदलला. "अगं, तुझ्यासाठी ठेवलं होतं मी ते. दुसऱ्या कुणी आपल्या बायकोला दिलंय का असं काही? साड्या दिल्या असतील. मी सहा-सात कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी दिला."

"माहीत आहे. म्हणून तर पन्नास वर्षं सहा टन वागवले. तक्रार केली का कधी?"

"नाही."

"मंगळागौरीला बायका मला उखाण्याआधी शिंगं किती ते विचारायच्या. हसले मी." त्यांनी चष्मा काढला. "नाव चांगलंच आहे. पण तांदळात लिहिलंत तेही तुम्ही ठेवलेलं, दगडाला दिलंत तेही तुम्ही ठेवलेलं. आपल्या मुलाचं, विनयचं नाव तुमच्या बहिणीनं ठेवलं, घराचं नाव तुमच्या वडिलांनी. मी ठेवलेलं एकच आहे हो. ते पेटीत होतं तोवर ठीक होतं. आता ते खोडायला मीच सही करायची?"

देवतळे पाणी प्यायले.

"म्हणजे नाही करणार."

"नाही. पण अडवणारही नाही तुम्हाला. मागच्या बाजूला एक रकाना आहे बघा. आधीचं नाव देणारी व्यक्ती सापडत नसेल तर तसं लिहून द्यायचं, मग संमती लागत नाही. द्या लिहून. पंचावन्न वर्षं कुणाला सापडली नव्हती. तुम्ही लिहिलंत तर खोटं कोण म्हणेल?"

एवढं बोलून त्या तुरीच्या ओल्या दाण्यांच्या, सोल्यांच्या भाजीला फोडणी द्यायला आत गेल्या. भाजी नेहमीसारखी झाली होती. देवतळ्यांना ती तिखट लागली.

गुरुवारी देवतळे संग्रहालयात आले. मंगळवार सोडून ते कधी येत नसत, त्यामुळे डोमाजीनं भिंतीवरचं कॅलेंडर तपासलं.

"तो अहवाल," देवतळे शर्वरीला म्हणाले. "काकूंचा. त्याची प्रत आहे तुझ्याकडे?"

"यंत्रात आहे."

"कुणी मागितली का?"

"नाही, सर. कुणी विचारलं नाही तर मी सांगणार नाही. विचारलं तर सांगेन." ती पुन्हा कामाला लागली. तिनं हे अगदी साध्या आवाजात सांगितलं आणि तेच देवतळ्यांना जड गेलं, कारण असं बोलायला त्यांनीच तिला शिकवलं होतं.

ते तळघरात गेले, सत्तावीस नंबरच्या पेटीशेजारी स्टूल घेऊन बसले आणि डांबरगोळ्यांच्या वासाचा तो अकरा पानांचा लेख वाचायला घेतला. चौऱ्याण्णव साली त्यांनी तो चाळला होता. वाचत होते आताच. लेख चांगला होता. मोजमापं नेमकी होती. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं: 'हाडाच्या पृष्ठभागावरील लांब रेषा पाहता हा प्राणी पूर्ण वाढलेला नसावा. मोठेपणी याचे रूप बरेच वेगळे असू शकेल.' यंत्राला जे सांगायला दोन मिनिटं आणि काही कोटी रुपये लागले, ते इथे दोन वाक्यांत होतं.

त्याखाली आभार होते. 'क्षेत्रकामात मदत केल्याबद्दल श्री. मनोहर देवतळे यांचे आभार.'

देवतळ्यांना आपल्या १९९४ च्या लेखातले आभार आठवले. एकूण चौदा नावं होती. त्यांत विद्यापीठाचे कुलगुरू होते, फोटो काढणारा होता, जीपचा ड्रायव्हर होता. बायकोचं नव्हतं. प्राण्यालाच तिचं नाव दिल्यावर आभारांत पुन्हा कशाला, असा विचार तेव्हा केला असावा. किंवा केलाही नसावा.

त्यांनी फॉर्म उलटा करून स्टुलावर ठेवला. रकान्यात छापलं होतं: 'आधीचे नाव देणाऱ्या व्यक्तीचा ठावठिकाणा.' खाली तीन रेघा होत्या. 'शोध घेऊनही आढळ नाही' एवढं पहिल्या रेघेतच मावलं असतं. वर चौकात महोत्सवाचा मांडव उभा राहत होता आणि माइक तपासणारा माणूस वसुधा, वसुधा असं म्हणत होता.

देवतळ्यांनी बराच वेळ पेन हातात धरलं. मग लिहिलं: 'माझ्या घरी. संमती नाही. मी विचारायला पन्नास वर्षे उशीर केला. अर्ज मागे घेत आहे.' याला तीनही रेघा लागल्या.

शुक्रवारी महोत्सव ठरल्या वेळेपेक्षा फक्त दोन तास उशिरा सुरू झाला. देवतळ्यांना बोलायला पाच मिनिटं होती. त्यांनी चार घेतली. वसुधासेराटॉप्स नावाचा वेगळा प्राणी नाही, ते खैरीसेराटॉप्सचंच वाढलेलं रूप आहे, हा खैरीसेराटॉप्स १९८८ साली कुमुद घाटे यांनी शोधला, त्यांनी ही शक्यता तेव्हाच लिहून ठेवली होती आणि मी ती वाचली नाही. कुमुद घाटे दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसऱ्या बसल्या आहेत, असं सांगून ते खाली बसले. लोकांनी डावीकडून तिसऱ्या खुर्चीकडे बघितलं. पुन्हा चित्राकडे बघायची गरज कुणाला वाटली नाही.

पालकमंत्र्यांचं भाषण छापून आलेलं होतं. त्यांनी ते वाचलं आणि वसुधासेराटॉप्सला पुढच्या पन्नास वर्षांसाठी शुभेच्छा दिल्या. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात मथळा होता, तोही उलटा: 'जिल्ह्याची वसुधा निघाली पोर.' दोन संघटनांनी निषेध केला. एकीनं नाव गेल्याचा, दुसरीनं नाव इतके दिवस राहिल्याचा. वसुधा रसवंतीवाल्यानं पाटी बदलायला नकार दिला. त्याच्या मुलीचं नाव वसुधा होतं, डायनासोरचा तिथे कधीच काही संबंध नव्हता.

महिन्याभरानं एका मंगळवारी देवतळे आणि कुमुदबाई दोघं संग्रहालयात आले. मधल्या दालनात आता दोन्ही कवट्या एका काचेआड होत्या, लहान पुढे, मोठी मागे. खालची पाटी देवतळ्यांनी स्वतः लिहून दिली होती:

'खैरीसेराटॉप्स. घाटे, १९८८. (प्रौढ अवस्थेस पूर्वी वसुधासेराटॉप्स म्हणत. देवतळे, १९९४.)'

कुमुदबाईंनी पाटी वाचली. पर्समधून रुमाल काढून काचेवरचा एक डाग पुसला. शर्वरी आणि डोमाजी लांब उभे होते, म्हणजे ऐकू येईल इतक्याच लांब.

देवतळे पाटीसमोर हात मागे बांधून उभे राहिले. एकदा चष्मा लावून वाचली, एकदा काढून.

"कंसात जरा कसंतरीच वाटतं गं," ते म्हणाले.

"होते सवय," कुमुदबाई म्हणाल्या.